शहर पाहण्याची आमची रीत

दिवाळीची सुटी संपली, शाळा पुन्हा भरल्या, आणि मुंबई-पुणे पाहून आलेली कुटुंबे आपापल्या गावी परतून स्नेहीमंडळींस प्रवासाची हकीकत सांगण्यात गुंतली, की आम्हांस दरवर्षी एक प्रश्न पडतो : या मंडळींनी जे पाहिले ते शहर होते काय? गेल्याच सुटीत आमच्या एका स्नेह्यांचे कुटुंब चार दिवस मुंबईस जाऊन आले. यजमान सुशिक्षित, गृहिणींस वाचनाची आवड, बरोबर दहा वर्षांचा चौकस मुलगा आणि सत्तरी ओलांडलेल्या आजी. आम्ही मुलास विचारले, "काय काय पाहिलेस?" त्याने मोठ्या उत्साहाने मॉलमधला सरकता जिना सांगितला, रात्री दिव्यांनी लखलखणारा सागरी सेतू सांगितला, आणि मोटारीच्या काचेतून दिसलेले एका नटाचे घर सांगितले. संग्रहालय? "एक मोठे होते. पण आईचे पाय दुखायला लागले म्हणून पाऊण तासात बाहेर आलो." जेवण? "रोज हॉटेलात. तिथे पनीर होते." आजींकडे वळून विचारले, तर त्या म्हणाल्या, "मी आपली बाकावर बसून होते."

या कुटुंबास दोष देण्याचा आमचा हेतू नाही. कारण हीच हकीकत, नावे तेवढी बदलून, आम्ही पाचपन्नास घरांतून ऐकलेली आहे, आणि काही वर्षांपूर्वी आमच्या स्वतःच्या घरीही ती याहून फारशी निराळी नव्हती. परंतु तिचा हिशेब एकदा मांडून पाहण्याजोगा आहे. सरकता जिना आज जिल्ह्याच्या गावी आहे, पनीर तर तालुक्याच्या गावीही आहे. म्हणजे हजारो रुपये आणि चार दिवस खर्च करून या मंडळींनी जे घरी सोडून आले तेच शहरात जाऊन शोधले, आणि ते सापडल्याचा आनंद मानला! जे केवळ त्या शहरातच होते त्यास त्यांचा स्पर्शही झाला नाही.

आमचे म्हणणे थोडक्यात असे आहे. आमच्या शहाण्यासुरत्या मध्यमवर्गाने शहर पाहताना दोन स्थळे जणू वर्ज्य ठरविली आहेत : एक लहान वस्तुसंग्रहालय आणि दुसरी रस्त्यावरील खाद्यपदार्थांची गाडी. वरवर पाहता या दोहोंचा परस्परांशी संबंध काय, असे कोणी विचारील. संबंध हा की, दोन्ही एकाच दुराग्रहापायी टाळली जातात. जे लहान ते क्षुल्लक आणि जे स्वस्त ते हलके, हा तो दुराग्रह. आणि आमची तक्रार अशी की, सामान्य माणसाने शेकडो वर्षे काय वापरले आणि आज तो काय खातो, या शहराच्या इतिहासातील दोन मुख्य प्रकरणांची पाने या दुराग्रहामुळे आमच्या मुलांसमोर कधी उघडतच नाहीत.

प्रथम संग्रहालयांचा विचार करू. मोठ्या संग्रहालयांविरुद्ध आमचे काही म्हणणे नाही. मुंबईचे छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालय १९२२ साली जनतेस खुले झाले. त्यातील शिल्पे आणि लघुचित्रे पाहिल्यावाचून मराठी माणसाचे शिक्षण पुरे झाले असे आम्ही म्हणणार नाही. परंतु असले संग्रहालय हा महासागर आहे. त्यात तासाभरात पोहून येतो म्हणणाऱ्याच्या नाकातोंडात पाणी जाते, इतकेच. मूल दहाव्या मूर्तीपाशी कंटाळते, गृहिणी पंधराव्या पायरीपाशी बसते, आणि यजमान पाट्या वाचण्याचे सोडून बाहेर पडण्याचा दरवाजा शोधू लागतात. लहान संग्रहालयाचे तसे नाही. ते दीड-दोन तासांत पाहून होते, एकाच विषयास धरून असते, आणि बहुधा एका माणसाच्या किंवा एका संस्थेच्या वेडातून उभे राहिलेले असते. वस्तूंबरोबर त्या वेडाचेही दर्शन घडते, आणि मुलांस ते अचूक कळते.

पुण्याचेच उदाहरण घ्या. शुक्रवार पेठेत राजा दिनकर केळकर संग्रहालय आहे. कै. दिनकर गंगाधर केळकर (१८९६-१९९०) हे 'अज्ञातवासी' या नावाने कविता लिहीत. बालपणीच वारलेल्या राजा या आपल्या मुलाच्या स्मरणार्थ त्यांनी आपल्या संग्रहास त्याचे नाव दिले. गावोगाव हिंडून, पदरमोड करून सुमारे वीस हजार वस्तू जमविल्या, आणि १९७५ साली तो सारा संग्रह राज्य सरकारच्या स्वाधीन केला. या वस्तू कोणत्या? राजमुकुट आणि सिंहासने नव्हेत. दिवे, दौती, कुलपे, कुंकवाचे करंडे, फण्या, पानाचे डबे, स्वयंपाकाची भांडी, पाय घासण्याच्या वज्र्या आणि अडकित्ते! अडकित्त्याचे काम काय, तर सुपारी कातरणे. त्यास दोन पाती आणि एक खीळ पुरे. परंतु कोणा अज्ञात कारागिरास तेवढे पुरले नाही. त्याने त्या दोन पात्यांस कोठे घोड्याचे रूप दिले, कोठे स्त्रीपुरुषांच्या जोडीचे. त्यास कोणी पदक दिले नाही, त्याचे नावही कोणी लिहून ठेवले नाही. नित्याच्या वापरातील वस्तू सुंदर असावी ही ज्या समाजाची सहज वृत्ती होती, त्या समाजाविषयी अधिक पुरावा तो कोणता हवा?

याच संग्रहालयात आम्ही पाहिलेला एक प्रसंग सांगतो. एक आजी आपल्या नातवास घेऊन वज्र्यांच्या कपाटापुढे उभ्या होत्या. "ही वज्री. अश्शी आमच्या न्हाणीघरात होती," त्या म्हणाल्या. नातवाने विचारले, "मग आता कुठे आहे?" आजी क्षणभर थांबल्या आणि म्हणाल्या, "मोडीत दिली. तिच्यावर स्टीलचा डबा घेतला." पुढचा तासभर त्या बाई त्या मुलाच्या शिक्षिका झाल्या होत्या. ही समई कशी उजळतात, तो गडवा कशाचा, ती दौत कोणी वापरावी, हे त्या सांगत होत्या आणि मुलगा ऐकत होता. मोठ्या संग्रहालयात बाकावर बसून राहणारी आजी येथे बोलू लागते, ही एकच गोष्ट आमच्या पक्षाच्या समर्थनास पुरेशी आहे. ज्या घरात नातवंडांस आजीकडून शिकण्याजोगे काही उरले नाही असे मानले जाते, त्या घराने एकवार हे संग्रहालय पाहावे.

मुंबईची कथा याहून निराळी नाही. घारापुरीची लेणी पाहण्यास हजारो लोक तासभर लाँचमधून जातात. परंतु किनाऱ्याजवळच्या ज्या दगडी हत्तीवरून पोर्तुगीजांनी त्या बेटास 'एलिफंटा' हे नाव दिले, तो हत्ती त्या बेटावर नाही, हे त्यांतील कितीजणांस ठाऊक असते? विलायतेस नेण्यासाठी उचलताना तो भंगला, पुढे त्याचे तुकडे सांधण्यात आले, आणि आज तो भायखळ्यास राणीच्या बागेच्या आवारात, डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालयाबाहेर उभा आहे. हे संग्रहालय १८७२ साली उघडले. म्हणजे ते मुंबईतील सर्वांत जुने. मुले शेजारी पेंग्विन पाहावयास जातात आणि या दारावरून परततात. आत मातीच्या लहान लहान प्रतिमांतून एकोणिसाव्या शतकातील मुंबईकर उभे आहेत : नाना जातीजमातींचे, नाना धंद्यांचे, आपापल्या पागोट्यांसह आणि अवजारांसह. फोर्टात रिझर्व्ह बँकेचे नाण्यांचे व नोटांचे संग्रहालय आहे, राष्ट्रपती डॉ. अब्दुल कलाम यांनी २००४ साली त्याचे उद्घाटन केले. ज्या हुंडीचे नाव मुले इतिहासाच्या पुस्तकात घोकतात, ती तेथे डोळ्यांनी दिसते. गावदेवीस मणिभवन आहे. १९१७ पासून १९३४ पर्यंत मुंबईतील गांधीजींचे वास्तव्य तेथे असे, आणि जानेवारी १९३२ मध्ये त्या घराच्या गच्चीवरच पहाटे त्यांस अटक झाली. त्या गच्चीकडे जाणारा जिना चढताना मुलास जे कळेल ते दहा धड्यांनी कळणार नाही.

आता आक्षेपांकडे वळू. कोणी म्हणेल, "लहान संग्रहालयांतून उजेड कमी, पाट्या त्रोटक, मराठीची हेळसांड, आणि बसावयास बाक नाही, तेथे जावे कशास?" यातील तक्रार पुष्कळ ठिकाणी खरी आहे, निष्कर्ष मात्र उलटा आहे. ज्या दुकानात गिऱ्हाईकच फिरकत नाही ते दुकान कोण झाडील? प्रेक्षक येत नाहीत म्हणून व्यवस्थापक सुस्त, आणि व्यवस्थापक सुस्त म्हणून प्रेक्षक येत नाहीत, या चक्राचा एक आरा तरी आमच्या हातात आहे. जावे, पाहावे, आणि निघताना अभिप्रायाच्या वहीत नुसते 'छान' असे न लिहिता 'मराठी पाट्या मोठ्या अक्षरांत हव्यात, वृद्धांसाठी बाक हवा' असे लिहावे. तक्रार करण्याचा अधिकार पाहणाऱ्यास आहे, न पाहता नाक मुरडणाऱ्यास नाही.

दुपार झाली, पोटात कावळे ओरडू लागले, की दुसऱ्या वर्ज्य स्थळाचा प्रश्न उभा राहतो. संग्रहालयाच्या दाराबाहेरच, दहा पावलांवर गाडी असते. परंतु कुटुंब तिला वळसा घालून वातानुकूल उपाहारगृह शोधीत अर्धा तास उन्हात चालते. तेथे जी लाल रस्सेदार भाजी मिळते ती नागपुरास, नाशकास आणि कोल्हापुरासही त्याच रंगाची व त्याच चवीची मिळते. आणि ज्या पदार्थास हे शहर आपला म्हणते तो बाहेर कढईत तळला जात असतो.

वडा-पाव हा पदार्थ आमच्या विद्वानांनी अद्याप नीट वाचलेला नाही. पाव हे नाव आणि तो भाजण्याची रीत पोर्तुगीजांकडून आली. बटाटा आणि मिरची यांचे माहेर अटलांटिकपलीकडील अमेरिका. तीही त्यांच्याच गलबतांतून या किनाऱ्यावर उतरली, आणि बटाट्याने तर आपले नावही त्याच भाषेतून आणले. हरभऱ्याचे पीठ, हळद, मोहरी आणि लसणीची चटणी आमच्या घरची. म्हणजे पाचशे वर्षांचा समुद्रव्यापार १५-२० रुपयांत कागदावर ठेवून हातात मिळतो! हा जोड दादर स्थानकाबाहेर १९६६ च्या सुमारास प्रथम विकला गेला असे सांगतात. तो वाढला तो गिरणगावात. कारण पाळी बदलताना उभ्या उभ्या, एका हाताने खाता येईल, पोटास आधार होईल आणि खिशास झेपेल असे अन्न कामगारास हवे होते. १८ जानेवारी १९८२ रोजी सुमारे अडीच लक्ष गिरणी कामगारांचा संप सुरू झाला. त्यातून कित्येकांस पुन्हा गिरणीचे दार दिसले नाही, आणि त्यांतील अनेक घरांची चूल पुढे अशाच गाड्यांवर पेटली. ज्या मुलास आपण मुंबई दाखवावयास नेले त्यास गिरण्यांच्या जागी उभे राहिलेले मनोरे तेवढे दाखवावे आणि त्या गिरण्यांनी मागे ठेवलेला घास मात्र हातातून काढून घ्यावा, यास शिक्षण म्हणावे की विस्मरणाचा अभ्यास म्हणावे?

"परंतु स्वच्छतेचे काय?" हा प्रश्न येणारच, आणि तो टाळण्याचा आमचा विचार नाही. दूषित पाण्याने विषमज्वर व कावीळ होते हे खरे आहे, आणि पोटच्या पोराविषयी आईबापांस वाटणारी काळजी उपहासाचा विषय होऊ शकत नाही. तथापि या काळजीत दुसरीही एक गोष्ट मिसळलेली आहे, तिच्याकडे आम्ही बोट दाखवू इच्छितो. १८९० साली पुण्यात पंचहौद मिशनमध्ये काही प्रतिष्ठित मंडळींपुढे चहा-बिस्किटे आली, तेव्हा केवढे ग्रामण्य माजले हे प्रसिद्ध आहे. न्यायमूर्ती रानडे आणि लोकमान्य टिळक यांच्यासारख्यांसही त्या प्रकरणी प्रायश्चित्ताचा प्रश्न सुटला नाही. परक्या हातच्या अन्नाची ती भीती आमच्या मनातून समूळ गेली असे आम्हांस वाटत नाही. तिने वस्त्र बदलले आहे. पूर्वी तीस सोवळे म्हणत, आज तिला हायजीन म्हणतात. नाहीतर उपाहारगृहाच्या पडद्याआड काय चालते हे न पाहता आम्ही तेथे निःशंक जेवतो, आणि ज्याचे हात, कढई, तेल व पाणी उघड्यावर आमच्या डोळ्यांसमोर आहेत त्याच्यापाशी मात्र शंका काढतो, याची संगती दुसरी काय लावावी?

खऱ्या काळजीस उपाय आहेत, आणि ते कोणासही समजण्याजोगे आहेत. जेथे गर्दी आहे आणि माल चटकन खपतो त्या गाडीवर जावे. जे आपल्यासमोर उकळत्या तेलातून किंवा तापल्या तव्यावरून निघाले ते खावे. चिरून ठेवलेली फळे आणि उघडा बर्फ टाळावा. पावसाळ्यात पाणीपुरीच्या पाण्यावाचून कोणाचे अडत नाही. पिण्याचे पाणी घरून न्यावे. विक्रेता पैसे घेतो त्याच हाताने पाव कापतो काय, एवढे पाहावे. कापीत असल्यास पुढच्या गाडीवर जावे. हा विवेक आहे. सरसकट सर्व गाड्यांस घाण म्हणणे हा विवेक नव्हे.

शिवाय या घाणीचा धनी कोण, याचाही विचार व्हावा. फेरीवाल्यांच्या उपजीविकेच्या संरक्षणाचा आणि नियमनाचा कायदा देशात २०१४ साली झाला. त्यात विक्रेत्यांची पाहणी, त्यांस प्रमाणपत्र, विक्रीच्या जागांची आखणी हे सारे सांगितले आहे. शहर फेरीविक्री समितीत निदान चाळीस टक्के सभासद विक्रेत्यांनी निवडलेले असावेत आणि त्यांत एकतृतीयांश स्त्रिया असाव्यात, असेही सांगितले आहे. ज्यास नेमून दिलेली जागा आहे तो तेथे नळ मागू शकतो, कचऱ्याचा डबा ठेवू शकतो, आणि स्वच्छ नसेल तर त्यास जाबही विचारता येतो. ज्यास आज येथून तर उद्या तेथून हुसकावले जाते तो भांडी कोठे धुणार? पाणी द्यावयाचे नाही, जागा द्यावयाची नाही, आणि मग अस्वच्छतेच्या नावाने गाडी उचलून न्यावयाची, हा न्याय ज्या सुशिक्षितांस खटकत नाही त्यांच्या स्वच्छतेच्या प्रेमावर आमचा विश्वास बसत नाही. गाड्या हटल्या म्हणजे रस्ता मोकळा होतो हे खरे; परंतु चालणाऱ्यास वाट आणि विकणाऱ्यास जागा ही दोन्ही देणारी व्यवस्था लावणे हेच तर नगरपालिकेचे काम. त्यासाठीच आम्ही तिला कर देतो.

दुसऱ्या टोकाच्या मंडळींसही दोन शब्द ऐकविणे प्राप्त आहे. हल्ली गाडीवर खाणे ही एक फॅशन होऊ पाहत आहे. ही मंडळी घास तोंडात घालण्यापूर्वी त्याची दहा छायाचित्रे काढतात, विक्रेत्याच्या तोंडापुढे कॅमेरा धरून त्यास एकेरीने हाक मारतात, रांगेतील मजुरास ताटकळत ठेवतात, आणि शेवटी दोन रुपयांसाठी घासाघीस करतात. उपाहारगृहातील बिलावर मुकाट्याने बक्षिशी ठेवणारा हात गाडीवर मात्र सुट्ट्या पैशांसाठी पुढे होतो! गरिबाचे अन्न हे जिवंत देखावा म्हणून पाहणे हे त्यास घाण म्हणण्याइतकेच उद्धट आहे. गाडीवर जावयाचे ते गिऱ्हाईक म्हणून जावे; रांगेत उभे राहावे, 'अहो दादा', 'अहो मावशी' म्हणावे, सांगतील ती किंमत द्यावी, आणि कागद कचऱ्याच्या डब्यात टाकावा. आमच्या मुलांस या चार गोष्टी गाडीपाशी शिकता आल्या तर त्या दिवसाचे प्रवासभाडे वसूल झाले असे आम्ही समजू.

संग्रहालय आणि गाडी यांस आम्ही एका लेखात का गुंफले, हे आता स्पष्ट व्हावे. वज्री ज्या दिवशी आम्ही मोडीत दिली त्या दिवशी ती आम्हांस नकोशी, जुनाट आणि कवडीमोल वाटत होती. कोणी एक कवी तिच्यामागे हिंडला म्हणून आज ती काचेआड आहे, आणि आम्ही तिकीट काढून तिच्यापुढे हळहळतो. आज रस्त्यावरच्या कढईविषयी आमची वृत्ती नेमकी तीच आहे. आम्ही तिच्याकडे पाठ फिरविली, नगरपालिकेने तिला हुसकावली, तर भायखळ्याच्या कपाटात मातीच्या प्रतिमांशेजारी आणखी एक प्रतिमा बसवावी लागेल : कढईपुढे उभा असलेला वडेवाला. त्या वेळी आमची नातवंडे विचारतील, "मग आता कुठे आहे?" आणि आम्हांसही त्या आजींप्रमाणे क्षणभर थांबावे लागेल.

यासाठी आमच्या वाचक कुटुंबांस आमची विनंती फार मोठी नाही. मॉल पाहू नका, सागरी सेतू पाहू नका, असे आम्ही म्हणत नाही. येत्या उन्हाळ्याच्या सुटीतील चार दिवसांपैकी एक दिवस बाजूस काढावा. सकाळी एक लहान संग्रहालय, एकच, परंतु सावकाश पाहावे. बहुतेक संग्रहालयांस आठवड्यातून एक दिवस सुटी असते, तेवढी आधी चौकशी करावी. दुपारी बाहेरच्या गाडीवर उभ्याने काही गरम खावे आणि विक्रेत्यास, त्याचे गिऱ्हाईक खोळंबले नसल्यास, त्याचे गाव विचारावे. आजींस घरी किंवा बाकावर ठेवू नये, पुढे घालावे. रात्री मुलास विचारावे, "आज काय पाहिलेस?" त्याच्या उत्तरात सरकत्या जिन्याचे नाव आले नाही, तर आमच्या म्हणण्यात काही तथ्य होते असे समजावे, आणि आलेच, तर दुसऱ्या दिवशी पुन्हा प्रयत्न करावा.